हिरव्या ठिपक्यांचं झाड

मी जात्याच भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं मी जंगलात धावलो वगैरे वाचून कुणी माझ्याबद्दल भलता समज करून घेणार नाही. सांगलीत आमच्या जिन्यात मांजर आडवं आलं तरी मी कठडा धरतो. अशा माणसानं वाघावर लिहायला जाणं हाच मुळात आगाऊपणा होता, पण तो मी केला आणि घरात पंख्याखाली बसून केला.

एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी मोबाइलमधल्या ॲपवर सदर लिहितो. कोणतं ॲप नवं आलं, कोणतं आपली माहिती चोरतं, कोणत्यामुळं बॅटरी उतरते, असा सगळा मामला. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडं एक प्रसिद्धिपत्रक आलं. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलालगतच्या गावांसाठी एक ॲप निघालं होतं. झाडांना बांधलेले कॅमेरे वाघाला ओळखणार आणि आसपासच्या फोनवर भोंगा वाजणार. सोबत एका गावाच्या नकाशाचं चित्र होतं आणि त्यात एकतीस हिरवे ठिपके एकमेकांना चिकटून बसले होते. चित्राखाली मी लिहिलं, ‘प्रत्येक हिरवा ठिपका म्हणजे सुरक्षित असलेलं एक माणूस.’ आणि लेखाचा शेवट केला, ‘आता फोन जवळ असला की वाघाची भीती नाही.’ हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते बायकोला, कुमुदला, दोनदा वाचून दाखवलं.

एप्रिलमध्ये गडचिरोलीहून फोन आला. बोलणारीचं नाव माधुरी. ते एकतीस ठिपक्यांचं गाव तिचंच होतं आणि घरोघरी ॲप तिनंच टाकून दिलं होतं. माझा लेख प्लास्टिकमध्ये घालून समाजमंदिरात लावलाय, असं तिनं सांगितलं. “तेंदूच्या हंगामात या भाऊ,” ती म्हणाली, “तुमचं ॲप कसं चालून राह्यलं ते पाहून जा.” ॲप माझं नव्हतं, पण ‘तुमचं’ हा शब्द कानाला गोड लागला. कुमुद म्हणाली, “जाऊन या. आयुष्यभर उंटावरून शेळ्या हाकल्यात, एकदा खाली उतरून बघा.” म्हणून मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, विडीच्या तेंदूपानांची तोडणी चालू असताना, मी गेलो. गावाचं नाव मात्र लिहीत नाही, तशी माधुरीचीच इच्छा आहे.

बल्लारपूर

गाडीतून उतरलो तेव्हा सकाळचे नऊच वाजले होते आणि फलाट चपलेतून चटके देत होता. हवेत कागद गिरणीचा उकडलेल्या कोबीसारखा वास. आमच्याकडं उन्हाळा म्हणजे घाम. इथं घाम येतो कधी आणि वाळतो कधी ते कळत नाही, फक्त ओठ फुटतात.

स्टेशनबाहेर पोहे खाल्ले. इथं पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. मी पहिल्या घासाला ठसकलो आणि दुसऱ्या प्लेटीला सांगितलं. शेजारी गिरणीची पाळी संपवून आलेले दोघे बसले होते. मी कुठं निघालो ते ऐकल्यावर त्यांच्यातल्या एकानं खिशातून फोन काढला आणि मला वाघाची चित्रफीत दाखवली. वाघ रस्ता ओलांडतो, दुचाकीवाला थिजून उभा, बस्स. तो म्हणाला, हा काल माजरीच्या खाणीकडं निघाला होता. दुसऱ्यानंही फोन काढला. त्याच्याकडं हीच चित्रफीत होती, पण ती मूल तालुक्यातली म्हणून आली होती. नंतर बसमध्ये एका बाईंनी मला तोच वाघ, तोच दुचाकीवाला दाखवला आणि हा आमच्या गोंडपिपरीचा, असं सांगितलं.

एरवी मी यावर सदरात एक खुसखुशीत परिच्छेद लिहिला असता. एकच वाघ एका दिवसात तीन तालुके कसा फिरला, वगैरे. पण त्या बाईंनी फीत संपल्यावर फोन लगेच ठेवला नाही. त्या वाघ गेलेल्या रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, त्यांच्या नणंदेच्या गावातली एक बाई याच दिवसांत वाघानं नेली, त्याची कुणी फीत काढली नव्हती. मला हसू आलं होतं ते मी गिळलं. 

वैनगंगेच्या पलीकडे

आष्टीला बस बदलायची होती, पण माधुरीनं तिथं सलीमभाईंना सांगून ठेवलं होतं. सलीमभाई म्हणजे आष्टीतले मोबाइल दुरुस्त करणारे गृहस्थ. वय पन्नाशीचं, दाढी मेंदीची, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. माधुरीच्या गावातले निम्मे फोन त्यांच्याच दुकानातून गेलेले, त्यामुळं वर्षातून दोनदा ते गावात जाऊन सगळ्यांचे फोन पुसून, झटकून देतात. त्यांच्या दुचाकीवर मागं बसून मी मुलचेऱ्याची वाट धरली.

सलीमभाई बोलके होते. त्यांनी सांगितलं की लोक आता वाघापेक्षा लग्नपत्रिकेला घाबरतात. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका म्हणून फोनवर फाईल येते, उघडली की फोन दुसऱ्याच्याच ताब्यात जातो. गेल्या लग्नसराईत खऱ्या पत्रिकाही कुणी उघडल्या नाहीत आणि एका नवरदेवाच्या वरातीला माणसं कमी पडली. मी मोठ्यानं हसलो. तेवढ्यात दोन्ही बाजूंना साग सुरू झाला, पानं गळून उघडा पडलेला, आणि सलीमभाई बोलायचे थांबले. 

“भाऊ,” ते शेवटी म्हणाले, “दोन्ही बाजूले पाहत नका बसू. समोर पाहा. पाहनाऱ्याले झाडाझाडात दिसते.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. मला एव्हाना चार वाघ दिसले होते. एक वारूळ निघालं, एक जळकं खोड, दोन काय होते ते कळलं नाही. मी घाईघाईनं खिशातून फोन काढून ते ॲप उघडलं, निदान आसपास काही आहे का ते बघावं म्हणून. फोन विस्तवासारखा तापला होता. पडद्यावर ‘तापमान जास्त आहे’ एवढी सूचना आली आणि तो बंद पडला. वाघाच्या जंगलात माझ्या ॲपनं मला दिलेली ही पहिली सेवा.

मुलचेऱ्याच्या अलीकडं बंगाली वस्तीतल्या एका खानावळीत थांबलो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी इथं वसवलेल्या निर्वासितांची ही गावं. मालकीणबाई घरच्यांशी बांगला आणि आमच्याशी सलीमभाईंसारखीच मराठी बोलत होत्या. मोहरीतलं माशाचं कालवण आणि भात. भाकरी आहे का, असं मी सवयीनं विचारलं तर बाईंनी माझ्याकडं आजाऱ्याकडं बघावं तसं पाहिलं आणि भाताची दुसरी मूद वाढली. फोन मी पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला होता. तो अर्ध्या तासानं शुद्धीवर आला.

मोहाचं झाड

गाव खोलगट जागेत आहे. तीन अंगांनी टेकाडं, चौथ्या अंगाला नाला आणि नाल्यापलीकडं जंगल. माधुरी वेशीपाशीच उभी होती, मला तिच्या हवाली करून सलीमभाई परतले. पस्तिशीची, बारीक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. गावात शिरल्याबरोबर माझ्या फोनमधल्या नेटवर्कच्या सगळ्या रेघा गेल्या. मी फोन हलवून पाहिला, वर धरून पाहिला. माधुरी हसली आणि म्हणाली, इथी कुठी सापडनार जी, नेटवर्क वरती राह्यते. मग ती मला मागच्या टेकाडावर घेऊन गेली.

टेकाडावर एक जुनं मोहाचं झाड होतं आणि त्याच्या खालच्या फांद्यांना पिशव्या लटकत होत्या. लाल, निळ्या, खताच्या गोणीच्या शिवलेल्या, एक तर बाळाच्या टोपड्याची. प्रत्येक पिशवीत एक फोन. गावात घरं एकतीस, घरामागं एक फोन, आणि नेटवर्क फक्त या झाडापाशी. म्हणून लोक पहाटे कामाला निघताना फोन इथं टांगतात. दिवसभरात कुणाचा निरोप, कुणाचं छायाचित्र, जे काय यायचं ते येऊन साठतं, आणि कामावरून परतताना ज्यानं त्यानं आपली पिशवी काढून घरी न्यायची. पिशवी चुकत नाही, चोरी होत नाही. बल्लारपूर-हैदराबादेकडं कामाला गेलेली मुलं याच झाडाशी बोलतात म्हणायचं.

मला ही पद्धत फार आवडली. मी दोन-चार छायाचित्रं काढली. त्या दिवशी सगळं गाव पानं मोजून द्यायला गेलं होतं, म्हणून दुपारीही एकूण एक पिशवी जागेवर होती. मग तिथं नेटवर्क होतं म्हणून ॲप उघडलं, गावाचा नकाशा पाहिला. नकाशावर एकतीस हिरवे ठिपके एकमेकांना चिकटून बसले होते. तेच चित्र जे मी छापलं होतं. ते गाव नव्हतंच. ते हे झाड होतं. मी ज्यांना सुरक्षित माणसं म्हटलं होतं त्या एकतीस पिशव्या होत्या, आणि माणसं त्या वेळी कुठं होती ते ॲपलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

हे मी तेव्हाच कबूल करायला हवं होतं. पण समोर माधुरी माझ्या तोंडाकडं आशेनं बघत होती, आणि चूक कबूल करण्यापेक्षा शिकवणं सोपं असतं. मी तज्ज्ञाचा आवाज काढला. म्हणालो, असं झाडाला टांगून काय उपयोग, फोन अंगावर पाहिजे. ती म्हणाली, पन जंगलात नेटवर्क नाई ना भाऊ. त्यावर मी प्रसिद्धिपत्रकातली एक ओळ तोंडावर फेकली की नेटवर्क नसलं तरी जवळच्या कॅमेऱ्याचा इशारा थेट फोनवर येतो. ही ओळ खरी की खोटी हे मी कधीच तपासलेलं नव्हतं. माधुरीनं मान हलवली. मग तिनं मला गावाच्या गटात घेतलं. नकाशावर बत्तिसावा ठिपका उमटला, तो मी.

संध्याकाळी तिची चुलतसासू जनाबाई आली. साठीची, काटक, कपाळावर गोंदण. जेवायला लाखोळीच्या डाळीचे वडे, भात आणि अंबाडीची भाजी होती. जेवताना मी विचारलं, ॲप नव्हतं तेव्हा तुम्ही काय करत होता. जनाबाई म्हणाली, हाक. पान तोडायला बाया एका ओळीत जायच्या. थोड्या थोड्या वेळानं सगळ्यात मोठीनं ‘हू’ करायचं आणि प्रत्येकीनं आपापल्या पाळीनं ओ द्यायची. एकीची ओ आली नाही की सगळ्यांचे हात थांबणार. ती आवाज मोजत नाही, ओळखते. सर्दी झालेलीची ओसुद्धा तिला कळते.

“आता नाई का देत?” मी विचारलं.

“मी देतो जी. ह्या पोरी हासतात. ओळीत राह्यलं तर पानं कमी होतात म्हनतात. आता पेपरातच आलं, भेव नाई म्हनून. मंग म्हातारीचं कोन आयकते?”

माधुरीनं तिला हळूच गप्प केलं. समाजमंदिरातला तो प्लास्टिकमधला लेख मला बसल्या जागेवरून दिसत होता. 

नाल्याच्या अंगाला

पहाटे पाचला सगळं गाव उठून निघालं. पुरुष मंडळी सायकलींवर दूरच्या टेकडीकडं गेली. नाल्याच्या अंगाला जनाबाई धरून चौदा बाया जाणार होत्या. मलाही चला म्हणाल्या. मी फोनांवर लक्ष ठेवतो असं म्हणून झाडाखालीच बसलो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो म्हणतात, पण माझा ब्रह्मराक्षस वेळेआधी येऊन बसलेला असतो. जाताना माधुरीनं तिची पिशवी झाडाला लावली नाही. फोन कमरेच्या बटव्यात खोचून तिनं मला खुणेनं दाखवला. मी मान डोलावली. ती मान आठवली की अजून मला लाज वाटते.

तेंदूची पानं सकाळीच तोडतात, ऊन चढलं की ती वाळतात आणि माणसंही. बाया नाला उतरून पलीकडं दिसेनाशा झाल्या. थोडा वेळ जनाबाईचा ‘हू’ ऐकू आला, त्याला तीन-चार ओ आल्या, कुणीतरी हसलं. मग आवाज लांब गेले. मी थर्मासमधला चहा घेतला. गार वारा होता, झाडाखाली टोळ्या, म्हणजे मोहाची फळं, वेचून नेल्याच्या खुणा दिसत होत्या. मला वाटलं, आजचा दिवस निभावला.

पावणेसातला झाड ओरडायला लागलं.

मी खरंच सांगतो, पहिल्यांदा मला झाडच ओरडतंय असं वाटलं. तीस पिशव्यांतून तीस भोंगे एकदम, आणि माझ्या खिशात एकतिसावा. फांद्यांवरची पाखरं उडाली. मी फोन काढला. नकाशावर एक लाल खूण होती, नाल्याच्या वळणावर, बाया गेल्या होत्या त्याच अंगाला. खाली कॅमेऱ्यानं टिपलेलं चित्र होतं. त्यात मला फक्त पाठीचे पट्टे आणि पाणी दिसलं. ‘वाघ तुमच्यापासून सातशे मीटरवर. घराबाहेर पडू नका.’ आणि त्याखाली मोठं हिरवं बटण, ‘मी सुरक्षित आहे.’ ते दाबल्याशिवाय भोंगा थांबत नाही.

मी सुरक्षित होतो. त्या एकतीस फोनांमध्ये तेवढा मीच एक माणूस होतो आणि मी सुरक्षित होतो. ज्यांना हे कळायला हवं होतं त्यांच्यापैकी एकीच्याही कानावर हे जाणार नव्हतं. मी गावाकडं बघून ओरडलो, पण गावात म्हातारी माणसं आणि लेकरं.  मला आठवतं ते इतकंच की मी झाडाखाली एक प्रदक्षिणा घातली, कशासाठी ते सांगता येणार नाही. मग पिशव्या ओरबाडायला सुरुवात केली. दहा-बारा हाताला लागल्या, त्या मी गळ्यात आणि खांद्यांवर अडकवल्या आणि उतारावरून पळत सुटलो. पोळ्याच्या बैलाच्या गळ्यात घुंगरमाळा असाव्यात तसे भोंगे माझ्या अंगावर वाजत होते.

शौर्य वगैरे काही नव्हतं. त्या आवाजाच्या आत मला कमी भीती वाटत होती, एवढंच. आवाज थांबला असता तर मी तिथंच बसलो असतो.

नाल्यात पाणी घोट्याएवढं होतं. मी घसरून पडलो, गुडघा फुटला, एक पिशवी पाण्यात गेली. पलीकडच्या काठावर चढलो तर समोरून जनाबाई येत होती, हातात तोडलेल्या पानांची चळत तशीच. तिनं मला काही विचारलं नाही. माझ्या अंगावरचे भोंगे ऐकूनच ती समजली होती. तिनं पानं खाली टाकली, तोंडाभोवती हात धरले आणि हाक दिली.

आतापर्यंत हसणाऱ्या पोरींनी त्या वेळी कशी ओ दिली ते ऐकायला हवं होतं. एकामागून एक, लांबून, जवळून, घाबऱ्या आवाजात. जनाबाई डोळे मिटून ऐकत होती आणि बोटं दुमडत होती. मग बोटं थांबली. एक ओ आली नव्हती. तिनं पुन्हा हाक दिली. पुन्हा तेवढ्याच ओ आल्या. बाया पळत आमच्याकडं आल्या आणि एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. कुणी न सांगताच मला कळलं होतं.

“माधुरी,” जनाबाई म्हणाली. “वळनाकडं गेली होती. एकलीच.”

मी माझा फोन पुन्हा पाहिला. तिथं नेटवर्क नव्हतं. नकाशा करडा पडला होता. जनाबाईनं माझ्या खांद्याला धरून मला पुढं ढकललं आणि म्हणाली, वाजवत चला. आम्ही सगळे घोळक्यानं वळणाकडं निघालो. मी पिशव्या हलवत होतो, बाया विळ्यांनी खोडांवर ठोकत होत्या, जनाबाई हाक देत होती आणि प्रत्येक हाकेनंतर आम्ही सगळे गप्प होऊन ऐकत होतो. त्या गप्प होण्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. मी देवाला नवस बोललो, लेख मागं घेतो, सदर बंद करतो, तिला तेवढं ठेव. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, हे माहीत असूनही मी मनात त्याला वाघोबा, महाराज, काय काय म्हणत होतो.

सहाव्या की सातव्या हाकेला ओ आली. बारीक, फाटलेली. ती नाल्याच्या काठी एका मोठ्या दगडाला पाठ लावून उभी होती. कमरेखालचं लुगडं ओलं. तिच्या समोर, आमच्या गल्लीच्या रुंदीएवढ्या अंतरावर, पाण्याचा डोह होता आणि डोहापलीकडं दगडांवर पाण्याचा ओला पट्टा जंगलात गेला होता. कुणीतरी मोठं, भिजलेलं, नुकतंच तिथून उठून गेलं होतं. आम्ही पाहत असतानाच उन्हानं तो पट्टा वाळत गेला. वाघ मी पाहिला नाही. तो ओला पट्टा पाहिला, तो मला पुरे आहे.

तो पाण्यात बसला होता आणि तिच्याकडं बघत होता, असं तिनं नंतर सांगितलं. किती वेळ ते तिला माहीत नाही. जनाबाईच्या हाका तिला ऐकू येत होत्या, पण ओ दिली तर तो उठेल असं वाटत होतं. भोंग्यांचा गलका जवळ आला तसा तो उठला, सावकाश पलीकडं चढला आणि गेला. तेव्हा तिच्या घशातून आवाज निघाला.

मी तिच्यासमोर उभा होतो, अंगावर अजून सात-आठ फोन कोकलत होते. तिनं कमरेचा बटवा चाचपला, फोन बाहेर काढला आणि माझ्यापुढं धरला. पडदा काळा, शांत. त्यावर काहीच आलेलं नव्हतं.

“भाऊ,” ती म्हणाली, “माह्याजवळ होता फोन.”

ती रागानं बोलली नाही. मी कुठंतरी चुकीचं ऐकलं असेल, ते तुम्ही सांगा, अशा आवाजात बोलली. 

परतताना जनाबाईनं बायांना एका ओळीत लावलं आणि मला सगळ्यात मागं. म्हणाली, पंधरावे तुमी. वाटेत चार वेळा हाक झाली. चारही वेळा माझी पाळी येईपर्यंत मी पुढच्या बाईच्या पाठीवरून नजर काढत नव्हतो, आपण मागं राहून गेलो तर काय म्हणून, आणि चारही वेळा मी ओ दिल्यावरच पाय पुढं पडले.

झाडापाशी येऊन एकेकीनं आपापला फोन गप्प केला, नाल्यातून काढलेला ओला आणि पुरुषांचे उरलेले मी. जनाबाईनं तिच्या लाल पिशवीतला फोन माझ्याकडंच दिला, बटण दाबायला. तासाभरानं ॲप चालवणाऱ्या कार्यालयातून सगळ्यांना एक संदेश आला. इशारा बत्तीसपैकी एकतीस फोनांवर मिनिटाच्या आत पोहोचला, एकतीस जण सुरक्षित, एक फोन संपर्काबाहेर, गावकऱ्यांचं अभिनंदन. मी तो माधुरीला वाचून दाखवला नाही. तिनं स्वतःच वाचला, आणि उठून समाजमंदिरात गेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकमधला लेख होता. दुपारी त्याच प्लास्टिकवर तिनं कैरीच्या फोडी वाळत घातल्या.

सांगली

परत येऊन मी पुरवणीला सविस्तर दुरुस्ती लिहून दिली. ती तळाशी चार ओळींत छापून आली, ‘नेटवर्कच्या मर्यादा लक्षात घ्याव्यात’ अशी काहीशी. म्हणून हे सगळं इथं लिहिलं.

पण सांगायचं राहिलं ते वेगळंच. मी अजून त्या गावाच्या गटात आहे. हंगाम संपेपर्यंत रोज पहाटे पाचला मला जाग यायची. मी गॅलरीत जाऊन नकाशा उघडायचो. एकेक ठिपका हिरवा व्हायचा, म्हणजे एकेक पिशवी झाडाला लागली, म्हणजे एकेक बाई रिकाम्या हातानं नाल्याकडं उतरली. ज्या हिरव्याला मी सुरक्षित म्हटलं होतं तो हिरवा दिसला की मी येरझाऱ्या घालायला लागायचो. दहाच्या सुमाराला ठिपके विझायला लागायचे. विझला म्हणजे फोन झाडावरून निघून बिननेटवर्कच्या घरी गेला, म्हणजे ती आली. सगळे विझेपर्यंत मी आंघोळीला जात नसे. कुमुद आधी हसायची, नंतर तीही चहा घेऊन शेजारी उभी राहू लागली.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. अकरापर्यंत सगळे ठिपके विझले, एक राहिला. साडेअकरा झाले, बारा झाले, तो झाडावर हिरवाच. मी दाबून पाहिलं, जनाबाईचा होता. मी फोन लावला. तो तिकडं लाल पिशवीत वाजत असणार, आणि तिथं ऐकायला कुणी नाही. माधुरीचा लागेना, ती घरी असली तर लागणारच नव्हता. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला.  जंगलात मी निदान धावू शकलो होतो. इथं तीही सोय नव्हती.

एक वाजायला आला तेव्हा पलीकडून फोन उचलला गेला आणि धापा टाकण्याचा आवाज आला.

“कोन बोलून राह्यलं?”

जनाबाई होती. फोन झाडावर विसरून घरी गेली होती, पानांचे पुडके बांधत बसली, आता आठवण आली म्हणून टेकाड चढून आली. चौदाच्या चौदा केव्हाच घरी पोहोचल्या, सगळ्या ओळीत गेल्या होत्या, असं तिनं सांगितलं. मग तिनं विचारलं, तुमी काऊन बोलत नाई जी. मला बोलताच येत नव्हतं.  तिनं दोनदा हॅलो म्हटलं आणि मग, ओ आली नाही की ती करते तेच केलं. त्या मोहाच्या झाडाखाली उभं राहून तिनं फोनमध्ये मोठ्यानं ‘हू’ केलं.

समोरच्या इमारतीतले लोक आपापल्या गॅलरीतून बघत होते. मी गॅलरीचा कठडा धरला आणि पंधरावी ओ दिली.